सेकंडहँड लेस पॉल घ्यायचीय, खरी की नकली कसं ओळखायचं?

तिसरा_फ्रेट

नमस्कार मंडळी, एक गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन विकायला लागलीय, सनबर्स्ट रंगाची, विकणारा म्हणतो २००३ ची आहे आणि तोच पहिला मालक आहे. फोटो मोजकेच टाकलेत, समोरून, मागून, केसमध्ये ठेवलेली, आणि हेडस्टॉकचा (वरचं टोक, जिथं तारा गुंडाळतात) एक फोटो जरा लांबून. दिसायला एकदम झकास. किंमत मात्र अशा गिटारला जी चालते त्याच्या निम्म्याहून कमी सांगतोय, विचारलं तर म्हणाला दुसऱ्या देशात शिफ्ट होतोय, घाई आहे. अर्धे पैसे आधी पाठवा मग कुरिअर करतो असं म्हणणं आहे आणि अजून एकजण मागे लागलाय म्हणून आज रात्रीपर्यंत काय ते सांगा म्हणतोय. सिरियल नंबर मागितला तर लगेच दिला, ०४१२३३५७. सर्टिफिकेट पण आहे म्हणे सोबत.

मी आजवर बजेट गिटारवरच वाजवलंय, गिब्सन कधी हातात घेतलेली नाही, त्यामुळे काय बघायचं तेच कळत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा, आणि अर्धे पैसे पाठवणं सेफ आहे का तेही सांगा.

सोल्डरिंग_गन

पैसे अजिबात पाठवू नका, आधी तो नंबर नीट वाचा.

१९७७ पासून २००५ पर्यंत गिब्सनच्या नेहमीच्या गिटारवर आठ आकडी नंबर असतो आणि तो ठरलेल्या पद्धतीने लिहिलेला असतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होतं, दुसरा तिसरा चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस ते कळतं, आणि शेवटचे तीन म्हणजे त्या दिवसाचा अनुक्रम. म्हणजे समजा ९०४५७५१२ असा नंबर असेल तर साल १९९७, दिवस ४५ वा, म्हणजे १४ फेब्रुवारी. आता तुमचा बघा, पहिला ० आणि पाचवा ३, २००३ झालं, इथपर्यंत ठीक, पण मधले तीन आकडे ४१२ आहेत. ३६६ च्या पुढचा दिवस असूच शकत नाही. नंबर बनवणाऱ्याने साल जुळवलं आणि दिवसाकडे लक्षच दिलं नाही असं दिसतंय.

अपवाद आहेत तेही सांगतो नाहीतर कोणीतरी खरी गिटार नकली समजून सोडून द्यायचा. १९९४ साली कंपनीला शंभर वर्षं झाली म्हणून त्या वर्षीचे नंबर ९४ ने सुरू होतात, तिथं हा हिशोब लागत नाही. लेस पॉल क्लासिक आणि कस्टम शॉपच्या रीइश्यू (जुनं मॉडेल पुन्हा काढलेल्या) गिटारचे नंबर वेगळ्या पद्धतीचे आणि शाईने छापलेले असतात. पण तुमचा विकणारा २००३ ची स्टँडर्ड म्हणतोय, तिला यातलं काही लागू होत नाही.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. नंबर चुकीचा निघाला तर प्रकरण जवळजवळ संपलं, पण नंबर बरोबर निघाला म्हणून गिटार खरी ठरत नाही. नकली बनवणारे कुठल्यातरी खऱ्या गिटारचा नंबर फोटोवरून उचलतात आणि तोच ढिगाने गिटारवर मारत सुटतात.

महोगनी

मी गिटार रिपेअर करतो, नकली लेस पॉल टेबलावर नेहमी येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. समोरून काढलेल्या फोटोवर काहीही ठरवू नका, हल्लीच्या नकली गिटार समोरून खूपच जवळ जातात. लोगो, इनले, सनबर्स्ट सगळं कॉपी करतात कारण फोटोत तेच दिसतं. जिथं गिऱ्हाईक बघत नाही तिथं पैसे वाचवलेले असतात, म्हणून तिथलेच फोटो मागायचे.

सगळ्यात आधी हेडस्टॉकवरचं ते घंटेच्या आकाराचं छोटं कव्हर, ट्रस रॉडचं, म्हणजे नेक (गिटारची दांडी) सरळ ठेवायला तिच्या आत घातलेल्या सळईचं. गिब्सनचं कव्हर दोन स्क्रूवर बसतं, एक वर एक खाली. नकलीत पुष्कळदा तीन असतात. पण कव्हरपेक्षा महत्त्वाचं आहे ते त्याच्या खाली. कव्हर काढायला सांगा आणि आतला फोटो मागा. खऱ्या लेस पॉलमध्ये लाकडात कोरलेल्या खाचेत ट्रस रॉडचं टोक आणि त्यावर पितळी षट्कोनी नट दिसतो, जो बाहेरून पाना लावून फिरवतात. नकलीत तिथं ॲलन की घालायचं गोल तोंड दिसतं. गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडच्या, एपिफोनच्या, बऱ्याच गिटारमध्येही ॲलन कीच लागते आणि त्या खऱ्याच असतात, पण मग हेडस्टॉकवर एपिफोन लिहिलेलं असतं. लोगो गिब्सनचा आणि आत ॲलन कीचं भोक असेल तर माझ्या लेखी विषय संपला. नट बदलून ॲलन कीचं करणं म्हणजे पूर्ण नेक उघडण्यासारखं काम आहे, ते कोणी उगाच करत नाही.

मग मागचं कंट्रोल कॅव्हिटीचं, म्हणजे वायरिंगच्या खड्ड्याचं झाकण. २००३ च्या स्टँडर्डमध्ये चार मोठे पॉट (नॉबखालचे आवाज आणि टोन बदलणारे भाग) असतात, साधारण २४ मिलिमीटर व्यासाचे, आणि वायरिंग हाताने सोल्डर केलेलं असतं. नकलीत छोटे १६ मिलिमीटरचे पॉट, बारीक रंगीत प्लॅस्टिकच्या वायरी, सोल्डरचे गोळे. मात्र २००८ नंतर गिब्सननेच कितीतरी मॉडेलमध्ये सर्किट बोर्ड बसवले, त्यामुळे नवीन गिटारच्या आत बोर्ड दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. कुठल्या सालची गिटार म्हणून विकली जातेय त्यावर आत काय असायला हवं ते ठरतं, हे फार लोक विसरतात.

ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागाचे खांब बघा (त्यामागे तारा अडकवतात त्या टेलपीसचे नाही). नकलीत जाडे खांब आणि डोक्यावर मोठी खाच, चपटा स्क्रूड्रायव्हर बसेल अशी. गिब्सनचे बारीक असतात आणि खाली फिरवायची चकती असते. मग हेडस्टॉकच्या मागे, तारांचा नट (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, ट्रस रॉडचा नट नव्हे) असतो त्याच्या थोडं वर किंवा खाली, लाकडात तिरकी जोडरेघ दिसते का बघा. गिब्सन त्या काळात नेकसाठी अखंड महोगनी वापरायची आणि हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना फक्त छोट्या पट्ट्या चिकटवायची, तिरका जोड द्यायची नाही. नकलीत जवळपास नेहमी असतो कारण त्यात लाकूड कमी लागतं. अपारदर्शक रंग मारलेला असेल तर रेघ दिसणार नाही, पण उजेड तिरका पाडून फोटो काढला तर पुष्कळदा उठून येते.

फ्रेटच्या टोकांकडे एक नजर टाका. त्या सालच्या लेस पॉलला फ्रेटचं टोक बाइंडिंगच्या (नेकच्या कडेच्या प्लॅस्टिक पट्टीच्या) आत संपतं आणि बाइंडिंगचाच एक छोटा उंचवटा त्या टोकाला बंद करतो. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, फ्रेटची धार लागत नाही. नकलीत फ्रेट थेट बाइंडिंगवरून बाहेरपर्यंत आलेले असतात. इथं सावध राहा कारण खऱ्या गिटारचे फ्रेट कोणी बदलले असतील तर हे उंचवटे जातात, आणि काही अलीकडच्या मॉडेलमध्ये कंपनीनेच ते बंद केले होते. त्यामुळे ही खूण एकटी चालत नाही, बाकीच्यांच्या जोडीला चालते.

रिदमवाला

एवढं सगळं कशाला, तीन स्क्रू दिसले की नकली. संपलं.

महोगनी

@रिदमवाला नाही हो, असं एकाच खुणेवर नको. कव्हर सुटं मिळतं, आधीच्या मालकाने हरवलं म्हणून दुसरं बसवलं असेल तर खऱ्या गिटारवर पण तीन स्क्रू सापडतील. ट्यूनर, नॉब, पिकगार्ड, पिकअप, ब्रिज हे सगळं बदलता येतं आणि लोक हौसेने बदलतात. म्हणून जे सहज बदलता येत नाही ते आधी बघायचं, म्हणजे ट्रस रॉडचा नट, नेकचा जोड, हेडस्टॉकचा आकार, बॉडीचं लाकूड.

बॉडीचं लाकूड कसं बघायचं तर पिकअपचे (तारांखाली बसवलेला, आवाज पकडणारा भाग) स्क्रू काढून तो उचलला की खड्ड्याच्या भिंतीला वर फिकट मेपलचा जाड थर आणि खाली तांबूस महोगनी असे दोन थर स्पष्ट दिसायला हवेत. नकलीत वर कागदासारखा पातळ डिझाइनचा थर आणि खाली कुठलंतरी एकाच रंगाचं लाकूड, किंवा सगळं काळ्या रंगाने माखलेलं.

आणि पिकअप उचललाच आहे तर अजून एक. जुन्या गिब्सन पिकअपवर पेटंट नंबर २,७३७,८४२ असा असतो आणि शोधलं तर तो पिकअपचा नाही, टेलपीसचा निघतो. काही लोक यावरून गिटार नकली म्हणून जाहीर करतात. तो नंबर गिब्सननेच वर्षानुवर्षं तसा छापलाय, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

तिसरा_फ्रेट

अपडेट देतो. ४१२ चं विचारलं तर म्हणाला टाइप करताना आकडे मागेपुढे झाले, खरा नंबर ०१४२३३५७ आहे. १४२ वा दिवस म्हणजे २२ मे, हे जुळतं ना? नंबरचा फोटो मागितला तर थोडा वेळ घेऊन पाठवला, तो इथं टाकलाय. कव्हरचा पण पाठवला, तीन स्क्रू आहेत. कव्हर उघडायला मात्र तयार नाही, म्हणतो कंपनीचं सील आहे, उघडलं तर वॉरंटी जाते. मला थोडं पटलं पण म्हटलं इथं विचारूया.

सोल्डरिंग_गन

हो, १४२ जुळतं, पण आता नंबर कसा आहे त्यापेक्षा तो कसा उमटवलाय ते बघा. गिब्सन हा नंबर लाकडात दाबून उमटवते आणि मग त्यावर फिनिश चढतं, त्यामुळे आकड्यांच्या कडा मऊ दिसतात, लॅकर खळग्यात उतरलेला असतो, आणि मेड इन यूएसए पण तसंच दाबलेलं असतं. तुमच्या फोटोत आकडे एकाच खोलीचे, कडा धारदार आणि आतून काळपट दिसतात, म्हणजे फिनिश झाल्यावर वरून कोरलेत. फोटो टाकलात ते बरं केलंत.

सीलचं म्हणाल तर ट्रस रॉडच्या कव्हरला सील बिल नसतं. नेक सेट करताना ते उघडावंच लागतं, त्यासाठीच ते स्क्रूवर बसवलेलं असतं. हे कारण देणारा माणूस एकतर काहीच जाणत नाही किंवा आत काय आहे ते त्याला पक्कं माहीत आहे, आणि पहिला मालक म्हणवतो तर एवढ्या वर्षांत एकदाही नेक सेट केली नसेल का?

शांत_अँप

गिटारबद्दल वरचे दोघं सांगताहेतच, मी व्यवहाराबद्दल बोलतो कारण मला तिथं जास्त काळजी वाटतेय.

पहिलं काम, त्याने टाकलेले फोटो इमेज सर्चमध्ये टाका. दुसऱ्या कोणाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले फोटो असणं फार कॉमन आहे. दुसरं, एका कागदावर तुमचं युजरनेम आणि आजची तारीख लिहून तो कागद तारांमध्ये अडकवून नवीन फोटो मागा, किंवा सरळ व्हिडिओ कॉल करा आणि कॉलवर गिटार फिरवून दाखवायला सांगा. ज्याच्याकडे गिटार आहे त्याला हे करायला पाच मिनिटं लागतात.

तिसरं आणि हे बारकाईने करा. सगळे फोटो शेजारी ठेवून मेपलच्या रेषा जुळवून बघा. लाकडाच्या रेषा बोटाच्या ठशासारख्या असतात, दोन गिटारच्या सारख्या येत नाहीत. ब्रिजच्या आणि खालच्या पिकअपच्या मधल्या पट्ट्यातल्या रेषा बघा, कुठली रुंद आहे, कुठली मध्येच तुटते. समोरच्या फोटोत एक पॅटर्न आणि क्लोजअपमध्ये वेगळा असेल तर दोन वेगळ्या गिटारचे फोटो एकत्र केलेत.

पैशांचं, अर्धे आधी देऊच नका, आणि पूर्ण देताना पण जिथं खरेदीदाराला संरक्षण आहे, म्हणजे माल चुकीचा आला तर तक्रार करून पैसे परत मागता येतात, अशाच मार्गाने द्या. मित्राला पाठवतो तसं पाठवा म्हणजे फी वाचेल असं कोणी म्हटलं तर समजून जा, तसं पाठवलं की ते संरक्षण जातं. व्यवहार प्लॅटफॉर्मच्या बाहेर नेऊया असं म्हणाला तरी तेच. सर्टिफिकेटवर विसंबू नका, जे गिटार छापतात ते कागद पण छापतात, केसवर लोगो पण शिवतात. आणि आज रात्रीपर्यंत सांगा हा जो दबाव आहे ना तो तुम्ही वरच्या गोष्टी तपासू नयेत म्हणूनच आहे.

तिसरा_फ्रेट

इमेज सर्च केलं. समोरचा आणि केसमधला फोटो दोन्ही दुसऱ्या एका साइटवर, दुसऱ्याच माणसाच्या विकून झालेल्या जाहिरातीत सापडले, तिथं सिरियल नंबर पण वेगळाच आहे. रेषा पण जुळवल्या, क्लोजअपमध्ये ब्रिजच्या खाली रेषा बारीक आणि अगदी सारख्या अंतरावर आहेत, समोरच्या फोटोत रुंद आणि वाकड्या. त्याला सांगितलं की कव्हर उघडल्याशिवाय पैसे नाहीत, तेव्हा शेवटी उघडून फोटो पाठवला. ॲलन कीचं भोक!! फोटो खाली टाकलाय. आता म्हणतोय की ठीक आहे अजून कमी करतो, आणि वाजायला एक नंबर आहे.

खूप आभार सगळ्यांचे. पैसे पाठवणारच होतो.

लीड_की_रिदम

कमी करतोय तर घ्या की. वाजते चांगली, दिसते चांगली, लोगो काय लिहिलाय त्याने कानाला काय फरक पडतो? एवढे लोक घेतातच ना.

महोगनी

फरक पडतो, आणि मी लोगोबद्दल बोलतच नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या नकली गिटारमध्ये ट्रस रॉड एका बाजूला फिरतो आणि मग फिरतच राहतो, नेक हलत नाही. म्हणजे हवामान बदललं की तारा वर उचलल्या जाणार आणि सेट करायला काहीच उरणार नाही. फ्रेट सारख्या उंचीचे नसतात, एका फ्रेटवर सूर नीट आणि पुढच्यावर खरखर. तारांचा नट मऊ प्लॅस्टिकचा, त्यात तार अडकते, बेंड केलं की सुरात परत येत नाही. हे सगळं दुरुस्त करून घ्यायचा खर्च घातला की त्याच पैशात साधी प्रामाणिक एपिफोन आली असती, जिच्यावर काय आहे तेच लिहिलेलं असतं, जिचे पार्ट मिळतात आणि जी उद्या विकायची झाली तर खरं सांगून विकता येते.

लोक मेड इन चायना वाचलं की नकली म्हणतात तेही चूक आहे. एपिफोनची चीनमधली फॅक्टरी गिब्सनचीच आहे, तिथल्या कितीतरी गिटार फार छान असतात. देश हा मुद्दाच नाही. जी वस्तू जे नाही ते सांगून विकली जाते तिचा हा प्रश्न आहे. उद्या तुम्ही ही नकली गिब्सन कोणाला विकली तर तो पुढचा माणूस म्हणजे आजचा तिसरा_फ्रेट असणार, शिकत असलेला, पैसे साठवून आलेला. २०२४ च्या शेवटी अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरात एकाच कारवाईत ३,००० हून जास्त नकली गिब्सन पकडल्या होत्या. तेवढ्या गिटार सुटल्या असत्या तर त्यातली प्रत्येक कोणाच्यातरी गळ्यात पडली असती.

@तिसरा_फ्रेट जाहिरात रिपोर्ट करा, सगळे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा कारण रिपोर्ट केल्यावर तो चॅट डिलीट करेल. आणि ज्याचे फोटो चोरलेत त्याला सुद्धा एक मेसेज टाका.

स्ट्रॅटप्रेमी

धागा वाचून पोटात गोळा आला, माझ्याकडे एका ओळखीच्याकडून घेतलेली फेंडर स्ट्रॅट आहे. हेडस्टॉकवर एमझेड ३ ने सुरू होणारा नंबर आहे. मला मेक्सिकोची म्हणून विकली. कशी तपासू? आणि रिकनबॅकरच्या कोणी स्वस्तातल्या इंपोर्टेड गिटार विकतंय, ते खरं असतं का?

सोल्डरिंग_गन

रिकनबॅकरचं आधी, कारण ते सोपं आहे. ती कंपनी गिटार अमेरिकेतच बनवते, बाहेर कुठं बनवून स्वस्त मालिका काढतच नाही. त्यामुळे इंपोर्टेड स्वस्त रिकनबॅकर म्हणून कोणी काही विकत असेल तर ती नकलीच.

स्ट्रॅटचं. तुमचा नंबर पटण्यासारखा आहे. एम म्हणजे मेक्सिको, झेड म्हणजे २००० चं दशक, त्यापुढचा ३ म्हणजे २००३. त्याआधी एन म्हणजे नव्वदचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एस म्हणजे सत्तरचं, आणि २०१० पासून यूएस किंवा एमएक्सच्या पुढे सालाचे दोन आकडे थेट येतात. फेंडरच्या साइटवर नंबर टाकून बघायची सोय पण आहे, पण वर म्हटलं तेच, नंबर कॉपी होऊ शकतो.

फेंडरमध्ये लेस पॉलसारखी पूर्ण नकली गिटार सापडतेच, पण त्याहून जास्त सापडतं ते वेगळं. स्क्वायरची (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) बॉडी, दुसरीकडची नेक आणि हेडस्टॉकवर फेंडरचं स्टिकर. नेक स्क्रूवर बसलेली असल्याने हे करणं फार सोपं जातं. म्हणून फेंडरची नेक काढून बघितल्याशिवाय खात्री देता येत नाही. नेकच्या टाचेवर (बॉडीत बसतं ते टोक) आणि बॉडीच्या खड्ड्यात शिक्के, तारखा, स्टिकर असं काही ना काही असतं, दोन्हीकडची सालं साधारण जवळची असायला हवीत. टाचेवर फेंडरच्या परवान्याने बनवलेली असा शिक्का दिसला तर ती दुसऱ्या कंपनीची रिप्लेसमेंट नेक आहे. ती वाईट नसते, उलट बऱ्याच चांगल्या असतात, पण मग हेडस्टॉकवर फेंडरचा लोगो कोणीतरी नंतर लावलाय आणि गिटार पूर्ण फेंडर म्हणून तुम्हाला द्यायला नको होती. लोगोवरून नखाचं टोक हलकं फिरवून बघा, फिनिशच्या वर कड लागतेय का. कंपनीने काही गिटारना लोगो फिनिशच्या वर लावलाय त्यामुळे यावरून एकदम निकाल देऊ नका, नुसती नोंद ठेवा.

नेक काढायच्या आधी सगळ्या तारा सैल करा आणि तिसऱ्या-चौथ्या फ्रेटपाशी कॅपो (तारा दाबून धरायचा चिमटा) लावून ठेवा म्हणजे तारा ट्यूनरवरून सुटत नाहीत. चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे ढिले करा, कुठला कुठून निघाला ते लक्षात ठेवा. खड्ड्यात कागदाचा किंवा पातळ लाकडाचा तुकडा ठेवलेला सापडला तर फेकू नका, तो नेकचा कोन जुळवायला ठेवलेला असतो, परत तिथंच बसवायचा. टाचेचा आणि खड्ड्याचा फोटो इथं टाका, बघून सांगतो.